डोकेदुखीचे दिवस मोजताना

डोकं दुखणं हा आजार आहे, हे आपल्याकडे लवकर कुणी मान्य करत नाही. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो, पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. डोकेदुखीचं तसं काही नसतं. त्यातही दुखणारं डोकं बाईचं असेल तर कारणं आधीच तयार असतात: ऊन लागलं असेल, उपाशी राहिली असेल, चष्मा लागला असेल, मोबाईल फार पाहते, सासूशी वाजलं असेल. हिमायतनगरमध्ये आमच्या थोरल्या आपाच्या डोकेदुखीला वीस वर्षांत ही सगळी कारणं देऊन झाली. तिला मात्र एकच सांगायचं असे, "आधा सर फटरा."

आपाच्या या वाक्यात वैद्यकशास्त्राचा मोठा इतिहास आहे. मराठीत अर्धशिशी, आमच्या दखनीत आधासीसी, आयुर्वेदात अर्धावभेदक. युनानी हकीम ज्याला शकीका म्हणतात तो अरबी शब्द चिरणं, दुभंगणं या अर्थाच्या धातूवरून आला आहे. इंग्रजीतला मायग्रेन हा ग्रीक 'हेमिक्रेनिया'चा, म्हणजे अर्ध्या कवटीचा, झिजलेला अवतार आहे. एकमेकांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या माणसांनी या दुखण्याला जवळपास एकच नाव दिलं. सहीह बुखारीत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी इहरामच्या स्थितीत शकीकावर हिजामा करून घेतल्याची नोंद आहे. इब्न सीनाने आपल्या 'अल-कानून'मध्ये डोकेदुखीच्या प्रकारांवर विस्ताराने लिहिलं. कॉर्डोबाच्या अबुल कासिम अल-जहरावीने तर कानशिलाजवळ चीर देऊन त्यात लसणाची पाकळी ठेवण्याचा उपाय नोंदवून ठेवला. हे उपाय आज करावेत असं मी म्हणत नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या त्या विद्वानांनी या दुखण्याला नखरा म्हटलं नव्हतं, एवढं तरी आपण त्यांच्याकडून शिकायला हवं होतं.

आपाने केलेल्या उपायांची यादी मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात सापडेल. सुंठ उगाळून कपाळाला लेप, बाम, ओढणी घट्ट बांधणं, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, नजर उतरवणं, एका बुजुर्गांकडून दम केलेलं पाणी. मग चष्म्याचा नंबर काढून आणला. तो निघाला, चष्मा लागला, डोकं दुखतच राहिलं. नंतर रक्तदाब तपासला, तो ठीक होता. शेवटी नांदेडला जाऊन डोक्याचा एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल आला. घरात सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि त्याच दिवसापासून आपाची अवस्था आणखी अवघड झाली. आतापर्यंत तिला काहीतरी झालंय अशी शंका तरी होती. आता तिला काहीच झालेलं नाही, याचा कागद घरात आला होता. डोकं उठलं आणि ती आडवी झाली की कुणीतरी म्हणायचं, "मशीन में तो कुछ नै आया."

अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाही, ही साधी गोष्ट आम्हाला त्या वेळी कुणी सांगितली नाही. हा मेंदूच्या कामाचा आजार आहे, मेंदूच्या आकाराचा नव्हे. प्रकाश, आवाज, वास, भूक, अपुरी झोप, पाळीच्या दिवसांतले बदल यांना काही माणसांची मज्जासंस्था जास्त तीव्रतेने उत्तर देते आणि ही ठेवण बऱ्याचदा आईबापाकडून येते. एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना हे पाहायला. तो नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही.

या सगळ्यात एक उपाय मात्र दर वेळी लागू पडायचा: मेडिकलवरची गोळी. दहा-पंधरा मिनिटांत घरचं माणूस घेऊन यायचं, तासाभरात आपा पुन्हा चुलीपाशी. सुरुवातीला महिन्याला दोन-तीन गोळ्या लागत. मग आठवड्याला दोन. मग एक दिवसाआड. शेवटी तिच्या उशाखाली, पीठाच्या डब्यामागे आणि पर्समध्ये अशा तीन ठिकाणी पाकिटं असायची. सकाळी उठल्याबरोबर डोकं जड असायचं म्हणून चहाबरोबर एक गोळी ठरलेली. गोळ्या वाढल्या तसे दुखण्याचे दिवसही वाढले. आम्हाला वाटायचं, दुखणं वाढलं म्हणून गोळ्या वाढल्या. उलटंही असू शकतं, हे हैदराबादला गेल्यावर कळलं.

मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. नकाशा बदलला तरी आजारपणात पाय तिकडेच वळण्याची सवय आमच्याकडे अजून आहे. भाषेची अडचण नसते आणि कुणी ना कुणी नातेवाईक तिथे असतोच. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये मी, आपा आणि दुल्हेभाई तिथल्या एका रुग्णालयात गेलो. तिथे आठवड्यातून ठरावीक दिवशी फक्त डोकेदुखीच्या रुग्णांची ओपीडी चालते. नुसत्या डोकेदुखीसाठी वेगळा दवाखाना असतो, याचंच दुल्हेभाईंना नवल वाटत होतं. पण ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माँटेफिओरे रुग्णालयात 1945 साली डोकेदुखीचं केंद्र सुरू झालं, आणि ते जगातलं अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानलं जातं. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जसलोक आणि लीलावती रुग्णालयांत डॉ. के. रविशंकर यांनी डोकेदुखीची क्लिनिकं चालवली.

डॉ. रविशंकर यांचं एक काम इथे सांगितलं पाहिजे. 2006 साली त्यांनी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध लिहिला. अर्धशिशीच्या 1500 भारतीय रुग्णांपैकी 94 जणांची डोकेदुखी केस धुतल्यावर, म्हणजे डोक्यावरून अंघोळ केल्यावर, सुरू होत होती. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या कारणांच्या यादीत चीज होतं, रेड वाईन होती. लांब ओल्या केसांचा विचार तिथे कुणी का करील? आमच्या घरांत तर पाळी संपल्यावर गुस्ल फर्ज आहे आणि जुम्याच्या दिवशी डोक्यावरून अंघोळ ठरलेली. "नहाली के सर दुखताच मेरा," असं आपा वर्षानुवर्षं म्हणायची आणि आम्ही हसायचो. ती बरोबर होती. हे कारण कुठल्या यंत्राने शोधलं नाही. रुग्णांना विचारलं आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं, म्हणून ते सापडलं.

आपाची ओपीडीतली पाळी आली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो नेहमीपेक्षा वेगळा होता. "महीने में कितने दिन दुखता है" असं त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "बीबी, महीने में कितने दिन सर बिल्कुल साफ रहता है? ज़रा भी नहीं दुखता?" आपाने बोटं मोजली. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सात. जादा से जादा आठ." दुल्हेभाईंनी तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात हा हिशेब त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. "किती दिवस दुखतं" असं विचारलं की माणूस फक्त मोठे झटके सांगतो आणि रोजचं जडपण गाळून टाकतो. साफ दिवस विचारले की ते लपत नाही.

नंतरचा अर्धा तास प्रश्नच चालले. दुखणं एका बाजूला की दोन्ही? ठणका की आवळल्यासारखं? उलटी होते का, उजेड सहन होतो का, आवाज? आईला होतं का? झोप किती? जेवण किती वाजता? पाळीशी संबंध आहे का? आणि गोळ्या कोणत्या, महिन्यात किती दिवस? आपाने पर्समधलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उलटं करून मागची अक्षरं वाचली.

दोन आकडे त्यांनी कागदावर लिहून दिले. जगभरचे डोकेदुखीचे डॉक्टर हेच आकडे वापरतात. पहिला 15: तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतील, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. दुसरा आकडा गोळ्यांचा. पॅरासिटामॉलसारखी एकाच औषधाची साधी गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर खुद्द गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. वेदना दाबणारं औषध वारंवार मिळत राहिलं की मज्जासंस्था आणखी हळवी होते, औषध उतरलं की डोकं पुन्हा दुखतं आणि माणूस पुन्हा गोळी घेतो. आपाची गोळी दुसऱ्या प्रकारची होती आणि ती महिन्यात वीसच्या वर दिवस चालू होती.

हे ऐकल्यावर आपाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता आपल्याला नशेडी ठरवणार. डॉक्टर म्हणाल्या, "यात तुमचा दोष नाही. दुखलं म्हणून तुम्ही घेतली. किती घ्यायची ते कुणी सांगितलं नाही." आपाला त्या दिवशी सगळ्यात मोठा दिलासा या वाक्याने दिला असं मला वाटतं.

उपचार तीन गोष्टींचा होता. ती गोळी बंद. दुखणं येऊच नये म्हणून रोज रात्री एक छोटी गोळी. आणि डायरी. रोजची गोळी म्हणजे अमिट्रिप्टिलीन, कमी मात्रेत. हे मुळात नैराश्यावरचं जुनं औषध, पण अर्धशिशी रोखायला ते अनेक दशकं वापरात आहे. काहींना त्याऐवजी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असलेल्यांना ते चालत नाही. काहींना टोपिरामेट. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवू शकतात, त्यामुळे नाव वाचून कुणी मेडिकलवर जाऊ नये. सांगायचा मुद्दा एवढाच की ही औषधं जुनी आहेत आणि दिवसाचा खर्च एका चहाच्या आत बसतो. 2018 पासून या आजारासाठी खास बनवलेली महिन्याची इंजेक्शनंही आली आहेत आणि काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण ती आमच्यासारख्या घरांना झेपणारी नाहीत. आपाला त्यांची गरजही पडली नाही.

मग डॉक्टर दुल्हेभाईंकडे वळल्या. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस, कदाचित आठ-दहा दिवस, दुखणं वाढेल, उलट्या होतील, झोप जाईल, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "या दिवसांत घरात स्वयंपाक कोण करणार?" दुल्हेभाई म्हणाले, "करेंगे कुछ तो बी." "कुछ नहीं, नाम बताइए," डॉक्टर म्हणाल्या. शेवटी कागदावर लिहिलं गेलं: सकाळचा चहा-नाश्ता दुल्हेभाई, दुपारचं जेवण मोठी भाची, रात्रीचं शेजारची जाऊ. औषधाच्या चिठ्ठीवर घरकामाची वाटणी मी पहिल्यांदा पाहिली. आपाने इतकी वर्षं गोळी खाल्ली ती दुखणं सहन होत नव्हतं म्हणून, हे खरंच आहे. पण तिला पडून राहायची सोय नव्हती, हेही तितकंच खरं आहे. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचं तर आणखी कठीण. एक दिवस पडून राहिलं की त्या दिवसाची मजुरी गेली. गोळी तासाभरात पायांवर उभी करते. तिची विक्री वाढण्याचं एक कारण हेही आहे.

ते दहा दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी आपा गोळीसाठी रडली. भाचीने घरातली पाकिटं आधीच शेजारी नेऊन ठेवली होती. अकराव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आज उठल्यावर डोकं हलकं आहे.

डायरीसाठी तिने वेगळी वही केली नाही. भिंतीवरच्या 'कालनिर्णय'च्या चौकोनात ती खुणा करू लागली. दुखलं त्या दिवशी लाल टिंब, गोळी घेतली तर निळी रेघ, पाळीचे दिवस तिच्या खासगी खुणेने. दोन महिन्यांत त्या भिंतीवर असं काही दिसू लागलं जे वीस वर्षांत दिसलं नव्हतं. लाल टिंबं पाळीच्या आदल्या दोन दिवसांत दाटत होती. लग्न-वलीमाच्या जागरणानंतर येत होती. आणि दुपारचं जेवण तीनच्या पुढे गेलेल्या दिवशी. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची पद्धत. तिचं जेवण रोजच तीनच्या पुढे जायचं. ती आता एक वाजता जेवते. सुरुवातीला तिला शरम वाटली. आता वाटत नाही.

खरी परीक्षा रमजानची होती. 2024 मध्ये 12 मार्चला पहिला रोजा होता, म्हणजे मराठवाड्याचं ऊन तापायला लागलेलं. उपवासाने डोकं दुखणं हा डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नोंदलेला प्रकार आहे आणि रमजानच्या पहिल्या दिवसाच्या डोकेदुखीवर सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी 1999 साली निबंधही लिहिला होता. पाणी कमी, झोप मोडलेली, आणि चहा-कॉफीची सवय असलेल्यांचा चहा अचानक बंद, हे सगळं एका दिवशी एकत्र येतं. आपाचे आधीच्या प्रत्येक वर्षी सात-आठ रोजे सुटायचे. दुखणं असह्य झालं की ती गोळी घेऊन रोजा तोडायची आणि मग दिवसभर कुणाशी बोलायची नाही. आजारी माणसाने दुसऱ्या दिवसांत रोजे भरून काढावेत, ही सवलत कुरआनने सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट दिली आहे. पण सवलत माहीत असणं वेगळं आणि "डोकं दुखतंय" हे आजारात मोडतं असं घरच्यांनी मानणं वेगळं. तिला अल्लाहची नव्हे, आमची भीती वाटत होती.

त्या वर्षी डॉक्टरांनी महिनाभर आधी बोलावून घेतलं. रमजानच्या दहा-बारा दिवस आधीपासून चहा हळूहळू दोन कपांवर आणायचा. सहरी चुकवायची नाही, आणि इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं पीत राहायचं. रात्रीची गोळी तरावीहनंतर न घेता इफ्तारनंतर लगेच, म्हणजे सहरीला डोळे उघडतील. या गोळीने तोंड कोरडं पडतं. रोजात तो त्रास होईल हेही त्यांनी आधीच सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, झटका आला तर रोजा सोडा, औषध घ्या, नंतर कजा करा. यावर घरात चर्चा नको. तोंड कोरडं पडलं, सहरीला दोनदा तिला हलवून उठवावं लागलं. पाळीचे दिवस वगळता त्या रमजानमध्ये तिचे दोन रोजे सुटले. दोन्ही वेळा दुल्हेभाईंनीच पाण्याचा ग्लास आणून दिला.

"मग बरी झाली का?" असं लोक विचारतात. नाही. अर्धशिशी गेलेली नाही आणि क्लिनिकने तसं वचनही दिलं नव्हतं. महिन्यातले सात-आठ साफ दिवस होते, ते आता बावीस-तेवीस आहेत. गोळी आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही, हा नियम ती पाळते. काही महिने बिघडतात, पुन्हा सावरतात. मधुमेहासारखंच हे सांभाळत राहायचं दुखणं आहे.

मला सतावतो तो प्रश्न वेगळा आहे. यासाठी हैदराबादला का जावं लागलं? हिमायतनगरहून तिकडे जायचं म्हणजे दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं, राहण्याची सोय. मुंबईचं तर विचारूच नका. नंदीग्राम एक्स्प्रेस रात्रभर धावते. आणि तिथे जाऊन जे मिळालं त्यात एकही वस्तू अशी नव्हती जी आमच्या गावात मिळू शकत नाही. प्रश्न, कॅलेंडर, दोन-तीन स्वस्त औषधं, घरच्यांना समोर बसवून केलेली चर्चा. डोकेदुखीच्या सेवांची आखणी करणाऱ्या युरोपातल्या तज्ज्ञांनी 2011 साली तीन पायऱ्यांची रचना सुचवली. त्यांच्या हिशेबाने शंभरातल्या सुमारे नव्वद रुग्णांचं काम पहिल्या पायरीवर, म्हणजे जवळच्या साध्या दवाखान्यात, होऊ शकतं. खास केंद्राची गरज शंभरात जेमतेम एकाला पडते. आपण मात्र पहिली पायरी बांधलीच नाही, आणि सगळ्यांना शेवटच्या पायरीवर चढायला सांगतो.

आजाराचा पसारा लहान नाही. बेंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. 18 ते 65 वयोगटातल्या प्रौढांपैकी वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेले सुमारे 25 टक्के निघाले, त्यांत बायांचं प्रमाण जास्त. आपल्या तालुक्यात त्याच्या निम्मं धरलं तरी प्रत्येक गल्लीत कुणीतरी ओढणी बांधून अंधारात पडलेलं असणार.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना डोकेदुखीचं प्रशिक्षण मिळावं. अवघड रुग्णासाठी ई-संजीवनीवरून तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची सोय सरकारने केलेलीच आहे, ती या दुखण्यासाठीही वापरावी. आशाताईंच्या यादीत "महिन्यात किती दिवस गोळी घेता?" हा एक प्रश्न वाढावा. मेडिकलवाल्याने महिन्यात दहाव्यांदा पाकीट मागणाऱ्याला एवढंच म्हणावं, "एकदा डॉक्टरला दाखवा." आणि रमजानच्या आधीच्या जुम्याच्या बयानमध्ये इमाम साहेबांनी आजाऱ्यांच्या सवलतीबद्दल बोलताना डोकेदुखीचं नाव घ्यावं. यातल्या कशालाही इमारत लागत नाही.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली, सोबत ताप आणि मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, दिसणं कमी झालं, डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागलं, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर कॅलेंडरवर टिंब करत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.

बाकीच्यांनी आज एक काम करावं. घरात जिचं डोकं नेहमी दुखतं तिला शेजारी बसवून विचारावं, महिन्यातले किती दिवस तुझं डोकं अगदी साफ असतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. ती बोटांवर मोजायला वेळ घेईल.